मशीन उचलत नाही

तिने कॉम्प्युटरच्या दोन्ही डब्यांवर हात ठेवून पाहिला. आधी साध्यावर, मग मोठ्यावर. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा, हात उलटा करून. दुकानदार तरुण होता, त्याला हसू आलं.

"मावशी, हात लावून काय कळणार? आकडे बघा ना."

"आकडे तुम्ही बघा, भाऊ. मला ताप बघू द्या."

एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीतलं, पहिल्या मजल्यावरचं दुकान. टेबलावर दोन कॉम्प्युटर झाकण काढून ठेवलेले. एकात साधा प्रोसेसर, घरात नि लहानसहान दुकानात चालतो तो. दुसऱ्यात वर्कस्टेशनचा, कुठल्या तरी मोठ्या कंपनीतून निघालेला, रात्रंदिवस राबायची सवय असलेला. दोघांतला एक घ्यायचा होता. मला मोठा पाहिजे होता. हिला कुठला पाहिजे होता ते ही बोलत नव्हती.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. लेणीवर गेलो असतो, लेकीकडे गेलो असतो, तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. गेलो कुठं, तर प्रोसेसर बघायला.

तिचं नाव लिहीत नाही. उभ्या जन्मात घेतलं नाही, आता घेऊन ती काय ओ देणार आहे?

मी सातपूरला कंपनीत हेल्पर होतो. कंपनी बंद पडली, फाटकाला कुलूप लागलं आणि मी घरी बसलो. तेव्हापासून घर हिने ओढलं. ही एका फोटो स्टुडिओत कामाला होती, तिथंच कॉम्प्युटर शिकली. पुढं घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं मिक्सिंग टाकलं. मिक्सिंग म्हणजे लग्नाचं शूटिंग कापायचं, जोडायचं, गाणी लावायची आणि माणसाला बघवेल असं करून द्यायचं. कॅमेरावाले शूटिंग आणून टाकायचे, ही करून द्यायची. मी लग्नात लाइट धरायचो. सातवी नापास माणसाला लाइट धरता येतो, आणि घरी आल्यावर बोलणी खाता येतात.

"नवरा-नवरीवर काय धरून बसता? त्यांना सगळं जग बघतंय. मागं ती म्हातारी बसलीये, तिच्यावर धरा. ती घरी जाऊन स्वतःला शोधणार आहे."

तुम्हीही शोधलं असेल, खोटं कशाला बोलता. दुसऱ्याच्या लग्नाचा व्हिडिओ माणूस बघतो तो आपण कुठं दिसतो ते बघायला. हे हिने ओळखलं होतं. हिचा एक नियम होता. लग्नाला जो आला तो एकदा तरी दिसला पाहिजे. वाढपी असो, बँडमधला झांजा वाजवणारा असो, पंगतीत शेवटी बसलेला लांबचा पाहुणा असो. म्हणून हिचे व्हिडिओ लांबायचे. लोक कुरकुर करायचे. "ताई, एवढी माणसं कशाला? आम्हाला नवरी कमळातून निघताना दाखवा." ही कमळातून नवरी काढून द्यायची, तोंड वाकडं करून. पण माणसं तेवढीच ठेवायची.

हिचं मशीन जुनं. बाजूचं झाकण कायमचं काढलेलं. उन्हाळ्यात लग्नं चिक्कार, आणि तेव्हाच ते तापायचं, मग घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्या पोटात तोंड घालून लावलेला. आम्ही घामाघूम, मशीन गार. मी म्हणायचो, नवऱ्यापेक्षा डब्याची काळजी. ही म्हणायची, "डबा कमावतो." एवढंच. तिचं बोलणं टोचायचं, पण टोचून लगेच मोकळं व्हायचं. माझ्यासारखं कुजत राहायचं नाही.

आता ते वाक्य, ज्याच्यासाठी ही कॉलनीत ओळखली जायची.

एकदा एक गृहस्थ आले. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ होता, त्यातून त्यांना स्वतःचा सख्खा भाऊ काढून टाकायचा होता. प्लॉटवरून वाजलं होतं दोघांत. म्हणाले, जिथं जिथं तो येतो तिथं तिथं त्याला पुसा. हिने डब्यावर हात ठेवला, उलटा करून, जरा वेळ तसाच ठेवला. डॉक्टर नाडी बघतात तसं तोंड केलं. मग म्हणाली, "मशीन उचलत नाही, दादा."

ते गेले. मला खरंच वाटलं. वर्षभराने दोघं भाऊ एकाच स्कूटरवरून आले आणि त्याच व्हिडिओच्या दोन कॉपी घेऊन गेले.

मग सासूला काढा म्हणणारी एक आली, पळून गेलेल्या मेव्हण्याला काढा म्हणणारा एक आला. तुम्हाला वाटतं लोक लग्नात फोटो आठवणीसाठी काढतात. वर्ष जाऊ द्या, मग बघा किती जणांना आठवण छाटायची असते. हिचं सगळ्यांना एकच. हात ठेवायचा, वाट बघायची, मान हलवायची. "मशीन उचलत नाही." कॉलनीत त्याची मस्करी व्हायची. पंगतीत कोणी अजून एक चपाती वाढायला आलं की लोक पोटावर हात ठेवून म्हणायचे, बास, मशीन उचलत नाही. हीही हसायची.

आणि एक दिवस एक बाई आली, कोपऱ्यावर भाजी विकते ती. पोरीचं लग्न झालं होतं, पोरीचा बाप त्याआधीच गेलेला. तिने पदराच्या गाठीतून आयकार्डाएवढा फोटो काढला. म्हणाली, "ताई, पोरीच्या मागं त्यांना उभं करता येईल का? नुसतं एकदा." ही कामाला बसली. तो माणूस पोरीच्या मागं उभा राहिला, अंगावर फुलं पडताना दिसला. बाई पडद्याला हात लावून बघत होती.

बाई गेल्यावर मी विचारलं, हे बरं उचललं मशीनने?

"माणूस ठेवायला जोर लागत नाही," ही म्हणाली. "काढायला लागतो."

तेव्हा मला कळलं की मशीन बिचारं सगळंच उचलत होतं, जरा कुंथून, जरा वेळ घेऊन. ही त्याच्या नावावर खपवत होती. मी म्हटलं, खोटारडी आहेस. म्हणाली, "तोंडावर नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं. डब्यावर कोणी रागवत नाही."

आमच्या कॉलनीत गांगुर्डे साहेब आहेत. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, विहाराच्या कमिटीत पुढं असतात. माइक हातात आला आणि बाईच्या हक्कांवर सुरू झाले की चहा थंड होतो सगळ्यांचा. त्यांच्या धाकट्या पोराच्या लग्नाचं मिक्सिंग आमच्याकडेच होतं. त्या लग्नात जिकडं बघाल तिकडं त्यांची थोरली सून, वैशाली. नवरीला धरून आणतेय, म्हाताऱ्यांना खुर्च्या देतेय, फुलांचं ताट फिरवतेय, आणि सगळा वेळ कडेवर स्वतःची पोरगी. घरचं लग्न एकटीने पार पाडलं होतं तिने.

पुढं ही वैशाली माहेरी निघून गेली, नांदगावला. का गेली ते कॉलनीला माहीत होतं. थोरला प्यायचा आणि मारायचा, आणि आमच्याकडे भिंती काही जाड नाहीत. पोरगी मात्र गांगुर्ड्यांनी ठेवून घेतली. आमच्या घरची आहे, म्हणाले. कोर्टात चाललंय ते चाललंय.

पोरगी लहान. तिने काय करावं? शाळेतून आली की काकाच्या लग्नाचा पेनड्राइव्ह टीव्हीला लावायचा आणि आई दिसली की तिथं थांबवायचं. जरा बघायचं, पुढं न्यायचं, पुन्हा आई आली की पुन्हा थांबवायचं. जेवायची पण तिथंच, थांबलेल्या आईसमोर.

एक दिवस गांगुर्डे साहेब आमच्या खोलीत येऊन बसले. वैशालीला त्या व्हिडिओतून काढा म्हणाले. ती असलेले तुकडे कापून टाकायचे म्हटलं तर निम्मं लग्न गळत होतं, एवढी ती सगळीकडे होती. म्हणून लग्न तसंच ठेवा, फक्त ती पुसा, आजकाल निघतं म्हणे. जुना पेनड्राइव्ह मी पोरीच्या नकळत बदलून टाकतो, म्हणाले.

"पोर विसरत नाही, वहिनी," ते म्हणाले. आवाज खरा होता, ते पण सांगितलं पाहिजे. नातीवर जीव आहे त्यांचा. जीव असलेली माणसंच असली कामं घेऊन येतात.

हिने डब्यावर हात ठेवला. "मशीन उचलत नाही, भाऊजी."

दुसरा कोणी असता तर गेला असता. हेडक्लार्क माणूस, नाही म्हटलेला कागद परत आणायची सवय. आठवडा गेला आणि ते माहिती काढून आले. त्यांच्या भाच्याने सांगितलं होतं की मिक्सिंगला वर्कस्टेशनचा प्रोसेसर घ्यायचा, तो काहीही उचलतो. दुकानाचा पत्ता पण आणला होता. आणि म्हणाले, जयंतीचं सगळं शूटिंग, विहाराचे कार्यक्रम, इथून पुढं सगळं तुमच्याकडे. फक्त मशीन उचलणारं घ्या.

मी समोर बसलो होतो. मी हो म्हणालो. चुकलो असं मी म्हणत नाही. धंदा बसला होता. जो तो मोबाइलवरच व्हिडिओ करायला लागला होता, आणि राहिलेली कामं चौकातला बंटी ओढत होता. त्याने मोठं मशीन घेतलं होतं आणि दुकानाबाहेर निळे लाइट लावले होते. आमच्याकडे लाइट म्हणजे मी. जयंतीचं काम मिळालं असतं तर हिचं दुकान राहिलं असतं. नाहीतर उन्हाळ्याआधी खोली भाड्याने द्यायची, असं मी ठरवून बसलो होतो आणि ते हिलाही माहीत होतं.

ही एवढंच म्हणाली, "चला, बघू तरी."

म्हणून आम्ही त्या दुकानात होतो.

दुकानदार चांगला माणूस निघाला. त्याने मोठा गळ्यात मारला नाही. म्हणाला, मावशी, साध्या मिक्सिंगला साधा पुष्कळ झाला. तयार व्हिडिओ बाहेर काढायला तर साधाच चपळ. मोठ्याला जोर भारी, एका वेळी दहा कामं घेतो, थकत नाही. पण वीज खातो, आवाज करतो, आणि तुमचा घरचा इन्व्हर्टर त्याला पुरणार नाही.

"आणि मोठ्याची मेमरी वेगळी असते," तो म्हणाला. "स्वतःची चूक स्वतः पकडते."

हिने मान वर केली. "चूक पकडते म्हणजे? चुकीचं काम दिलं तर नाही म्हणते का?"

"नाही हो मावशी. आकड्यातली चूक पकडते. कामातली नाही."

"हां," ही म्हणाली, आणि पुन्हा खाली बघायला लागली.

मग हिने पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. त्यात गांगुर्ड्यांच्या लग्नाचा एक तुकडा होता. वैशाली नवरीच्या मागं उभी, पोरगी कडेवर, नवरीच्या डोक्यावरची फुलं सारखी करतेय. ही म्हणाली, भाऊ, ह्यातली मागची बाई काढून दाखवा. दोन्हींवर.

मला बरं वाटलं. म्हटलं, आली वळणावर.

दुकानदाराने दोन्हींवर काम लावलं आणि चहा मागवला. तेवढ्यात ही त्याच्याजवळ सरकली आणि हळूच विचारलं. मला ऐकू जाणार नाही असं तिला वाटलं असेल, पण कंपनीतल्या मशीनने कान गेलाय तो डावीकडचा, ही उजवीकडे होती.

"भाऊ, ह्या दोन्हींतलं कुठलं जमवणार नाही?"

"म्हणजे?"

"माणूस पुसायचं काम. कुठल्याला जमणार नाही? ते मला सांगा."

तो हिच्याकडे बघतच राहिला. आजवर त्याच्याकडे जो आला त्याने कुठलं जमवेल ते विचारलं असणार.

"मावशी," तो म्हणाला, "आता ह्या कामाला कोणी नाही म्हणत नाही. साधा वेळ घेईल, एवढाच फरक."

चहा आला. मोठ्याने मी अर्धा पेला संपवायच्या आत काम उरकलं. वैशाली गेली. तिच्या जागी मंडपाचा पडदा आला, जसा तो तिथंच होता. मी म्हटलं, वा. ही तिकडे बघत नव्हती. ही दुसऱ्या पडद्याकडे बघत होती. तिथं साध्याचं काम चालू होतं, खालची पट्टी मुंगीसारखी सरकत होती, आणि वैशाली अजून उभी होती. फुलं सारखी करत होती.

हिचा चहा हातातच गार झाला. मी पेला ठेवला, दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाला कीबोर्ड दाखवला, आणि मग तिथूनही वैशाली गेली. पोरगी पण गेली. कडेवरच होती ना.

"बघा," दुकानदार म्हणाला, "साध्यानेही केलं."

"हो," ही म्हणाली. "मग साधाच द्या." तो म्हणाला, जोडतो आणि उद्या फोन करतो.

जिन्यावर मी भडकलो. म्हटलं, एवढं बघून साधा? गांगुर्डे काय म्हणतील? ही कठडा धरून एकेक पायरी उतरत होती, गुडघे दुखायचे तिचे.

"आता नाही म्हणायचं ते मलाच म्हणायचंय," ती म्हणाली. "त्याला एवढा मोठा डबा कशाला?"

अशोकस्तंभावर आम्ही भेळभत्ता घेतला. कागदाच्या पुडीत, वर तळलेली मिरची. मी रागात होतो. हिने स्वतःची मिरची माझ्या पुडीत टाकली. तिला तिखट सोसायचं नाही आणि मला आवडायचं, म्हणून टाकली. त्यात समजूत काढायचा काही भाग नव्हता. मीही खाल्ली. एवढं लक्षात आहे. बसमध्ये तिला खिडकी मिळाली, मला उभं राहावं लागलं.

घरी जायच्या आधी ती गांगुर्ड्यांच्या दारात थांबली. उन्हं उतरली होती. आतून टीव्हीवर सनई चालू होती, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. गांगुर्डे साहेब बाहेर आले, या म्हणाले, घेतलं का मशीन म्हणाले. ही आत गेली नाही.

"भाऊजी, मशीन उचलतं," ती म्हणाली. "दोन्ही उचलतात, मी बघून आले. मी काढणार नाही."

हात ठेवायला डबा नव्हता, म्हणून तिने पिशवी छातीशी धरली होती. आवाज मोठा नव्हता. गांगुर्डे साहेब तिच्याकडे बघेनात. माझ्याकडे बघून म्हणाले, "आप्पा, तुमच्या घरात बोलतं कोण?"

मला जयंतीचं काम जाताना दिसत होतं. पण बाहेरच्याने माझ्या बायकोच्या तोंडावर मला असं विचारलेलं मला चालत नाही. म्हटलं, "ऐकलं ना कानाने? मग तीच बोलते."

आत सनई थांबली. पोरीने पुन्हा आईला थांबवलं असणार.

तिच्या ह्या नाही म्हणण्याने पुढं काय झालं तेही सांगून टाकतो, म्हणजे चांगुलपणाचं फळ मिळतं असा कोणाचा गैरसमज नको. ते काम बंटीने करून दिलं. जयंतीचं शूटिंगही त्यालाच मिळालं. पोरगी आता टीव्ही लावत नाही. गांगुर्डे साहेब सांगत फिरतात, बघा, विसरली. मूळ व्हिडिओ हिच्या हार्डडिस्कमध्ये आहे, कपाटात. वैशालीला मी निरोप पाठवलाय नांदगावला, की ये आणि घेऊन जा. अजून आलेली नाही. येईल न येईल.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही गांगुर्ड्यांच्या दारातून घरी आलो. ही पुढच्या खोलीत तिच्या खुर्चीवर बसली, मशीन बंदच होतं. म्हणाली, दमले हो. पाणी द्या. मी पाणी आणलं तर मान कलंडलेली. कॉलनीतल्यांनी रिक्षा आणली, रिक्षातच कळलं. डॉक्टरांनी फक्त लिहून दिलं. दिवेलागणीला मी तिला घेऊन परत घरी आलो, आणि पुढच्या खोलीत पेनड्राइव्हची पिशवी अजून टेबलावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक जमले. लेक मालेगावहून आली होती, जावई तिरडीचं बघत होता. ज्यांचं ज्यांचं लग्न हिने बघण्यासारखं केलं ते सगळे येतील असं मला वाटलं होतं. आले थोडेच. बाकीच्यांनी मोबाइलवर हात जोडले.

मी दात घासायला म्हणून बाहेर आलो तर चौकातल्या खांबावर हिचा फ्लेक्स लागलेला. आमच्याकडे माणूस गेलं की विहाराची पोरं सकाळच्या आत फ्लेक्स लावतात. खाली भावपूर्ण आदरांजली. वर फोटो. लेकीने येता येता मोबाइलवरून बंटीला पाठवलेला, लेकीच्याच लग्नातला. जन्मभर दुसऱ्यांना व्हिडिओत ठेवणाऱ्या बाईचा तेवढा एकच धड फोटो होता. त्यात आम्ही दोघं होतो. फोटोवाला ओरडला होता, काका, हात ठेवा खांद्यावर, लाजता काय. मी ठेवला होता. चारचौघांत पहिल्यांदाच.

फ्लेक्सवर ती एकटी होती. माझ्या जागी निळं आभाळ आणि ढग. मी जवळ जाऊन बघितलं. तिच्या खांद्यावर, पांढऱ्या साडीच्या काठापाशी, माझी बोटं राहिली होती. तेवढीच. बोटांच्या मागं माणूस नाही.

बंटी तिथंच होता, दोऱ्या ओढत होता. मी विचारलं, हे काय?

"काका, तुम्हाला काढावंच लागलं ना," तो म्हणाला. "जिवंत माणूस आदरांजलीवर कसा ठेवणार? मशीन भारी आहे आपलं, मिनिटात निघालात तुम्ही. बोटं राहिलीत जरा, घाईत."

"परत घाल."

"काय?"

"मला. जसा होतो तसा घाल."

"काका, लोक विचारतील, ह्यातलं गेलं कोण?"

"विचारू दे."

लेक बाहेर आली. रडून तिचा आवाज बसला होता. "आप्पा, असं करू नका, अशुभ दिसतं ते."

"आपण कधीपासून शुभ-अशुभ बघायला लागलो?" मी म्हटलं.

बंटी वाईट नाही. गेला, आणि दुसरा काढून आणला. तोवर माणसं खोळंबली होती, जावई दोनदा बोलावून गेला. मधेच एम. जी. रोडच्या दुकानदाराचा फोन आला. त्याला काही माहीत नव्हतं. म्हणाला, काका, मावशींचा डबा जोडायला घेतोय, साधाच घालू ना, की विचार बदलला? मी म्हटलं, नाही बदलला. साधाच.

शिडी मीच लावली. मला कोणी चढू देईना, मी चढलो. बोटांचा फ्लेक्स सोडला, खाली टाकला. दुसरा बांधला, चारही कोपऱ्यांना, लग्नात लाइटची वायर बांधतो तशा घट्ट गाठी मारून. खाली गांगुर्डे साहेब पांढऱ्या कपड्यांत उभे होते, हातात हार. त्यांनी वर बघितलं. फोटोत मी, शेजारी ही, माझा हात तिच्या खांद्यावर. शिडीवर पुन्हा मी. कोणाला हात जोडावेत ते त्यांना कळेना.

दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "आप्पा, ह्यातलं गेलं कोण?"

मी खाली उतरलो. हात झटकले आणि खांदा द्यायला गेलो.